‘हाय’ खाल्लेल्या हृदयाची एमआरआय तपासणी

शिनोली (ता. आंबेगाव) : घरातील कर्ता माणूस अकस्मात जातो आणि त्याच्या पाठोपाठ त्याची आई किंवा पत्नी छातीत कळ येऊन कोसळते. ‘तिने हाय खाल्ली’ असे म्हणून गाव हळहळते. काळजात धस्स होणे, ऊर फुटणे, काळजाचा ठोका चुकणे, असे कितीतरी शब्दप्रयोग मराठीत आहेत. मनावरचा आघात थेट हृदयावर होतो, हे या भाषेने फार पूर्वीच गृहीत धरले होते. आधुनिक वैद्यकशास्त्राने या आजाराला स्वतंत्र नाव दिले ते १९९० मध्ये. ‘टाकोत्सुबो’ या जपानी नावाने ओळखला जाणारा हा विकार म्हणजे तीव्र ताणामुळे हृदयाच्या स्नायूला काही काळ येणारी दुर्बलता होय.

हा विकार आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवत नाही, असा समज बरीच वर्षे होता. हृदयाच्या एमआरआय तपासणीने तो डळमळीत केला आहे. विशेषतः हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचे, म्हणजे डाव्या अलिंदाचे काम या तपासणीत मोजता येऊ लागल्यापासून, ‘अँजिओग्राफी स्वच्छ आहे, आता काळजी नको’ एवढ्यावर विषय संपत नाही, हे स्पष्ट झाले आहे.

घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील शिनोलीसारख्या गावात हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. याच रस्त्याने पुढे डिंभे धरण आणि त्यापलीकडे डोंगरातील आदिवासी वस्त्या आहेत. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि ढिगाऱ्यातून १५१ मृतदेह बाहेर काढण्यात आले. वाचलेल्यांना एका सकाळीत घर, गोठा आणि माणसे गमवावी लागली. जुन्नर व आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची दहशत तर नित्याचीच. अशा आघातानंतर कोणी छातीत दुखत असल्याची तक्रार केली, तर ‘मनाला लावून घेतले आहे, होईल बरे’ असे म्हणून ती बाजूला सारणे धोक्याचे ठरू शकते.

नाव जपानी, आकार मडक्याचा

जपानी भाषेत ‘टाको’ म्हणजे ऑक्टोपस आणि ‘त्सुबो’ म्हणजे मडके. ऑक्टोपस पकडण्यासाठी तेथील कोळी अरुंद गळ्याचे आणि गोल बुडाचे मडके समुद्रात सोडतात. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या हृदयाचा खालचा डावा कप्पा, म्हणजे डावे निलय, आकुंचनाच्या वेळी नेमक्या याच आकाराचे दिसले. टोकाकडचा भाग फुग्यासारखा फुगलेला आणि निश्चल, तर बुंध्याकडचा भाग जोराने आवळला जात असलेला. १९९० मध्ये त्यांनी हे निरीक्षण जपानी भाषेत प्रसिद्ध केले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००६ मध्ये हृदयस्नायूंच्या विकारांच्या वर्गीकरणात या आजाराला स्थान दिले.

तीव्र ताणाच्या क्षणी शरीरात अॅड्रिनॅलिन व तत्सम संप्रेरकांचा लोट उसळतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा रुग्णांच्या रक्तातील या संप्रेरकांचे प्रमाण हृदयविकाराचा मोठा झटका आलेल्यांपेक्षाही दुप्पट-तिपटीने अधिक आढळले होते. या लोटाने हृदयस्नायू बधिर होतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि स्नायूत सूज येते, असे मानले जाते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने स्त्रियांचे हृदय या लोटापुढे अधिक हळवे होत असावे, असाही एक विचार आहे.

नऊ देशांतील १,७५० रुग्णांची माहिती संकलित करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रिया होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६७ वर्षांच्या आसपास होते. त्यातील एक बाब मात्र सर्वसाधारण समजुतीला छेद देणारी आहे. भावनिक आघात सुमारे २८ टक्के रुग्णांत आढळला, तर शस्त्रक्रिया, दम्याचा झटका, हाड मोडणे, मेंदूचा विकार यांसारखे शारीरिक आघात ३६ टक्के रुग्णांत. सुमारे २८ टक्क्यांत कोणतेही उघड कारण सापडले नाही. क्वचित प्रसंगी लग्न किंवा वाढदिवस अशा आनंदाच्या क्षणीही हा विकार उद्भवतो, असे २०१६ मध्ये नोंदवले गेले. ‘भग्न हृदय’ हे लोकप्रिय नाव त्यामुळे अपुरे ठरते.

भूकंपाशी या आजाराचे नाते जपानमध्येच दिसून आले. २३ ऑक्टोबर २००४ रोजी निगाता प्रांतात झालेल्या भूकंपानंतर केंद्रबिंदूजवळच्या भागात या रुग्णांची संख्या वाढल्याचे आढळले. महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप अनुभवला, तेव्हा हे नाव जपानबाहेर फारसे कोणाला ठाऊकही नव्हते.

झटक्यासारखाच, पण झटका नव्हे

छातीत दुखणे, धाप लागणे, घाम येणे, भोवळ येणे ही लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात. इसीजीतील बदलही तसेच दिसतात. रक्तातील ट्रोपोनिन वाढते. त्यामुळे केवळ लक्षणांवरून किंवा ‘घरात नुकतेच दुःख झाले आहे’ एवढ्या माहितीवरून हा टाकोत्सुबोच आहे, असे कोणताही डॉक्टर पहिल्या तासात ठामपणे सांगू शकत नाही. झटका नाही हे सिद्ध होईपर्यंत तो झटकाच आहे असे समजून उपचार करणे, हाच नियम आहे.

फरक उलगडत जातो तो पुढील तपासण्यांत. अँजिओग्राफीत हृदयाच्या रोहिण्यांत स्नायूची अवस्था समजावून देईल असा अडथळा सापडत नाही. टू-डी एको तपासणीत निलयाचा फुगलेला भाग एका रोहिणीच्या हद्दीत मावत नाही, तो दोन-तीन रोहिण्यांच्या क्षेत्रांत पसरलेला असतो. स्नायू इतका मोठ्या प्रमाणावर निश्चल असूनही ट्रोपोनिनची वाढ तुलनेने बेताची असते. बहुतेक रुग्णांत निलयाचे आकुंचन काही दिवसांत ते काही आठवड्यांत पूर्ववत होते.

परंतु मधले दिवस निर्धोक नसतात. फुफ्फुसांत पाणी साचणे, रक्तदाब कोसळणे, हृदयाचे ठोके बिघडणे, निश्चल भागात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाणे, अशा गुंतागुंती होऊ शकतात. वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. हे प्रमाण हृदयविकाराच्या झटक्याच्या जवळपास जाणारे आहे.

एमआरआयमध्ये काय दिसते?

एमआरआय तपासणीत क्ष-किरणांचा वापर होत नाही. शक्तिशाली चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरींच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनच्या अणूंकडून येणाऱ्या संकेतांचे चित्र तयार केले जाते. हृदय सतत हलत असल्याने यंत्राला इसीजीची जोड द्यावी लागते. प्रत्येक ठोक्याच्या ठरावीक क्षणी संकेत टिपून, अनेक ठोक्यांची माहिती जोडून एका ठोक्याचे चलच्चित्र तयार होते. रुग्णाला प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद श्वास रोखून धरावा लागतो. संपूर्ण तपासणीस साधारण पाऊण ते एक तास लागतो.

टाकोत्सुबोच्या दृष्टीने या तपासणीची तीन बलस्थाने आहेत. पहिले म्हणजे निलयाचा कोणता भाग निश्चल आहे, उजवे निलयही बाधित आहे काय, आत गुठळी आहे काय, हे ती स्वच्छ दाखवते. दुसरे, स्नायूतील सूज, म्हणजे वाढलेले पाणी, तिच्यात वेगळे उठून दिसते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून दिल्यानंतर स्नायूतील मृत भाग चमकतो. हृदयविकाराच्या झटक्यात ही चमक स्नायूच्या आतल्या थरापासून सुरू होते आणि रोहिणीच्या हद्दीत राहते. स्नायुदाहात ती बहुधा बाहेरच्या थरात असते. टाकोत्सुबोमध्ये सूज भरपूर असते, पण चमक सहसा नसते. स्नायू मेलेला नसून बधिर झालेला आहे, हे सांगणारी ही सर्वांत भक्कम खूण होय.

युरोप व उत्तर अमेरिकेतील सात केंद्रांतील २५६ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टोकाचा भाग फुगण्याचा नेहमीचा प्रकार ८२ टक्के रुग्णांत होता. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत दोन्ही निलये बाधित होती आणि ८१ टक्के रुग्णांच्या स्नायूत सूज आढळली.

हौद, पाट आणि मोटर

आजवर सगळे लक्ष निलयाकडे होते. रक्त शरीरभर ढकलणारा पंप तोच असल्याने ते स्वाभाविकही होते. पण निलयाला रक्त पुरवणारे डावे अलिंद हा केवळ रिकामा दिवाणखाना नाही. त्याची तीन वेगवेगळी कामे आहेत. शेतीला पाणी देणाऱ्या कोणालाही ती सहज समजतील.

निलय आवळलेले असताना मधली झडप बंद असते. त्या वेळी फुफ्फुसांतून येणारे शुद्ध रक्त अलिंद साठवून घेते. हे हौदाचे काम. झडप उघडली की साठलेले रक्त उताराने पाणी जावे तसे आपसूक निलयात उतरते. हे पाटाचे काम. शेवटी, निलय आवळण्यापूर्वी क्षणभर अलिंद स्वतः आकुंचन पावते आणि उरलेले रक्त जोराने ढकलते. हे मोटरीचे काम. निरोगी माणसात निलयात भरणाऱ्या रक्तापैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा या शेवटच्या ढकलण्यातून येतो. वय वाढेल तसा निलयाचा स्नायू ताठर होतो, पाटाचे काम मंदावते आणि मोटरीवरचा भार वाढतो.

आकडे कसे निघतात?

एमआरआयच्या चलच्चित्रात हृदयाचे दोन लांब छेद घेतले जातात. त्यात अलिंदाची कड आखून तीन क्षणांचे आकारमान काढतात : झडप उघडण्याच्या आधीचे सर्वाधिक, अलिंद आकुंचन पावण्याच्या आधीचे मधले आणि आकुंचनानंतरचे किमान.

समजा, हे आकडे अनुक्रमे ८०, ६० आणि ४० मिलिलिटर आहेत. ८० पैकी ४० मिलिलिटर रक्त बाहेर गेले, म्हणजे हौदाची एकूण उलाढाल ५० टक्के. त्यातील पहिले २० मिलिलिटर आपसूक गेले, म्हणजे पाटाचे काम २५ टक्के. उरलेल्या ६० पैकी २० मिलिलिटर आकुंचनाने गेले, म्हणजे मोटरीचे काम ३३ टक्के.

आता समजा, तीव्र आघातानंतर हेच आकडे ८०, ७० आणि ४५ झाले. पाटाचे काम साडेबारा टक्क्यांवर आले, म्हणजे निम्मे झाले. मोटरीचे काम मात्र ३६ टक्क्यांवर चढले. एकूण उलाढाल ४४ टक्क्यांपर्यंत घसरली. एकच आकडा पाहणाऱ्याला घसरण बेताची वाटेल. तीन आकडे पाहणाऱ्याला कळेल की हृदय मोटरीच्या जोरावर दिवस काढत आहे. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, प्रत्यक्ष रुग्णाचे नाहीत.

आकारमानाखेरीज आणखी एक पद्धत अलीकडे रुळली आहे. अलिंदाच्या भिंतीवरील बारीक खुणांचा माग संगणक चित्रागणिक घेतो आणि भिंत मूळ लांबीच्या किती टक्के ताणली गेली, हे सांगतो. यासाठी वेगळे औषध किंवा वेगळे चित्रण लागत नाही. नेहमीच्या चलच्चित्रांवरच ही मोजणी होते.

आघातात अलिंदाचे काय होते?

निलय बधिर झाल्यावर अलिंदाला दोन बाजूंनी फटका बसतो. निरोगी निलय आवळताना झडपेचा पाया खाली ओढते आणि त्या ओढीने अलिंद ताणले जाऊन भरते. निलयाचे टोक निश्चल झाले की ही ओढ कमी होते आणि हौद पुरेसा भरत नाही. दुसरीकडे, सुजलेले निलय नीट सैल पडत नाही. त्याच्या आतला दाब चढा राहतो आणि पाटाने येणारे रक्त अडते. उरते ती मोटर. तिला जास्तीचे काम करावे लागते. तीही थकली किंवा ठोक्यांच्या अनियमिततेमुळे बंद पडली, तर रक्त फुफ्फुसांकडे तुंबते आणि रुग्णाला धाप लागते.

जर्मन संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एमआरआय अभ्यासात हेच चित्र समोर आले. आजाराच्या तीव्र काळात टाकोत्सुबोच्या रुग्णांच्या अलिंदाचे साठवणीचे व वहनाचे काम निरोगी व्यक्तींच्या तुलनेत कमी झालेले होते आणि काही महिन्यांनी झालेल्या फेरतपासणीत ते सुधारलेले दिसले. अलिंदाच्या कामाचा रुग्णाच्या पुढील आयुर्मानाशी संबंध असल्याचेही या अभ्यासात आढळले. निलयाचा एकच आकडा जे सांगत नाही, ते अलिंद सांगू शकते, असा याचा अर्थ.

‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे काय?

निलयाची पंप करण्याची टक्केवारी पूर्ववत झाली की रुग्णाला ‘सगळे नॉर्मल’ असे सांगून निरोप दिला जातो. तरीही अनेक स्त्रिया पुढे कित्येक महिने दम लागतो, थकवा जात नाही, जिना चढवत नाही, अशी तक्रार करतात. घरचे ती दुःखाच्या खाती टाकतात. स्कॉटलंडमधील अॅबरडीन विद्यापीठातील संशोधकांनी आजाराला वर्ष उलटून गेलेल्या ३७ रुग्णांची तपासणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांची पंप करण्याची टक्केवारी ठीक होती. तरीही स्नायूच्या आकुंचनातील सूक्ष्म दोष आणि व्यायामाची क्षमता घटल्याचे आढळले. म्हणजे तक्रार मनाची नसून हृदयाचीही असू शकते.

हा विकार पुन्हा होण्याची शक्यताही असते. आंतरराष्ट्रीय नोंदणीत ती दरवर्षी शंभरात दोनपेक्षा किंचित कमी रुग्णांत दिसली. पुनरावृत्ती हमखास टाळणारे औषध आजवर सिद्ध झालेले नाही. त्यामुळे फेरतपासणी, रक्तदाबावर नियंत्रण आणि मानसिक आधार, यांवरच भर द्यावा लागतो.

एमआरआयलाही मर्यादा आहेत. ती तातडीची तपासणी नाही. रुग्ण स्थिर झाल्यावर, पहिल्या काही दिवसांत ती करायची असते. धाप लागलेल्या रुग्णाला उताणे निजून श्वास रोखणे जमत नाही. ठोके अनियमित असतील तर चित्र पुसट येते आणि मोटरीचे काम मोजताच येत नाही. अलिंदाच्या ताणाचे आकडे वेगवेगळ्या संगणक प्रणालींत थोडे वेगळे येतात. म्हणून फेरतपासणी शक्यतो त्याच केंद्रात करणे इष्ट. मूत्रपिंडे फार निकामी असतील तर गॅडोलिनियम देताना विशेष सावधगिरी लागते. जेथे ही सोय नाही तेथे टू-डी एकोवरही अलिंदाचा आकार आणि काम यांचा बराचसा अंदाज घेता येतो. तो अहवालात नोंदवला जावा, एवढी मागणी रुग्ण निश्चित करू शकतो.

शिनोलीहून पुण्यापर्यंत

शिनोलीच्या रुग्णासाठी पहिला टप्पा एमआरआय नव्हे, तर इसीजी आहे. घोडेगावला ग्रामीण रुग्णालय आहे. पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथून पुणे सुमारे ६० किलोमीटर. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. अँजिओग्राफी आणि हृदयाचा एमआरआय यांसाठी पुणे शहराकडे जावे लागते. हृदयाचा एमआरआय प्रत्येक एमआरआय केंद्रात होत नाही. त्यासाठी यंत्रात विशेष सुविधा आणि चित्रांचा अर्थ लावणारा प्रशिक्षित तज्ज्ञ लागतो. ही चौकशी आधी केल्यास हेलपाटा वाचतो.

या वाटेवरचा सर्वांत मोठा अडथळा मात्र अंतराचा नाही. घरात सुतक आहे, पाहुणे बसले आहेत, दहावा व्हायचा आहे, अशा वेळी बाईने स्वतःच्या छातीत दुखते असे सांगायचे तरी कोणाला? सांगितलेच तर ‘रडून रडून झाले आहे’ असे उत्तर मिळते. हाय खाल्लेले काळीज दुखते, तेव्हा ते खरोखरच आजारी असते, हे घरातल्या एकाला जरी ठाऊक असले तरी पहिला इसीजी वेळेवर निघतो. पुढच्या सगळ्या तपासण्यांचा उपयोग त्यानंतरच.

हे लक्षात ठेवा

- आघातानंतर छातीत दुखणे, धाप, घाम वा भोवळ आल्यास वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर संपर्क साधून इसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जावे.

- नुकताच घडलेला आघात, भीतीचा प्रसंग, शस्त्रक्रिया किंवा आजारपण डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

- एमआरआयपूर्वी पेसमेकर, शरीरातील धातूचे तुकडे, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भधारणा असल्यास सांगावे. काही नवे पेसमेकर या तपासणीस चालतात, पण त्याचे कार्ड सोबत हवे.

- मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसांतील पिना काढून ठेवाव्या लागतात. दुःखात असलेल्या रुग्णाला हे घरच्यांनी आधीच समजावून सांगावे.

- यंत्राचा आवाज मोठा असतो आणि बोगद्यात काहींना घुसमटल्यासारखे वाटते. हातात दिलेली घंटी दाबून तपासणी केव्हाही थांबवता येते.

- अहवालात निलयाच्या टक्केवारीसोबत डाव्या अलिंदाचे आकारमान व काम नोंदवले आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे.

- साधारण तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी. जुन्या अहवालाची आणि चित्रांची सीडी जपून ठेवावी.